सातजणी आणि दोघींचा बाक

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय सुमे,

काल फोनवर तू अर्धंच बोलत होतीस. लेक शेजारच्या खोलीत आहे, हे तुझ्या आवाजावरूनच कळत होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण संध्याकाळी तुझा फोन तिच्याच हातात असतो आणि वर्गाचा ग्रुपही त्याच फोनवर आहे. म्हणून कागदावर लिहिते आहे. वहिनी परवा मानेवाड्याला येणार आहेत, त्यांच्या हाती देते. पत्र लांबणार आहे. दोनदा वाच, आणि वाचून झाल्याबरोबर कोणालाही फोन लावू नको.

लेकीला तिच्या ग्रुपातल्या सहाजणींनी बाहेर काढलं, म्हणून तू विचारलंस, "कालपर्यंत गळ्यात गळा घालून फिरणाऱ्या पोरी आठ दिवसांत अशा कशा फिरल्या?" सुमे, त्या फिरल्या नाहीत. तो ग्रुप जूनअखेर शाळा उघडली तेव्हापासून असाच चालतो आहे. बाहेर उभं राहायची पाळी तेवढी आतापर्यंत दुसरीची होती.

वर्गात ज्यांची चलती असते अशा मुलींचा ग्रुप कसा उभा राहतो, ते आधी नीट बघ. मधोमध एक असते. तिच्या उजव्या हाताला एक असते, ती निरोप पोचवते, कान भरते, इकडचं तिकडे करते. मग दोघी-तिघी मान डोलावणाऱ्या. आणि काठावर एक-दोघी, आज आत, उद्या बाहेर. तुझ्या लेकीचा ग्रुप सातजणींचा, आणि वर्गातले बाक दोघींचे. म्हणजे रोज सकाळी एकीला दुसऱ्या कोणाजवळ बसावंच लागतं. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर तिघी, स्कूटीवर दोघी, प्रोजेक्टला चौघी. असा हिशेब लागला की कोण उरणार याची धास्ती रोजचीच होते. विषम संख्येचा ग्रुप सगळ्यात जास्त कुरकुरतो तो यामुळे. पोरी वाईट असाव्या लागत नाहीत. जागा कमी आणि माणसं जास्त, एवढं पुरतं.

"लोकप्रिय" या शब्दानं तर आयाही फसतात. वर्गात दोन चिठ्ठ्या वाटल्या, एकीवर विचारलं "तुला कोण आवडते?" आणि दुसरीवर "वर्गात कोणाचा भाव आहे?", तर दोन्हींवरची नावं बऱ्याचदा जुळत नाहीत. जेनिफर पार्कहर्स्ट आणि अँड्रिया हॉपमायर यांनी १९९८ साली हेच दाखवलं. जी मुलं खरोखर आवडतात, त्यांना वर्गमित्र प्रेमळ आणि विश्वासू म्हणतात. ज्यांचा नुसताच भाव असतो, त्यांना वरचढ आणि गर्विष्ठ म्हणतात. तरी त्यांच्याजवळ बसायला सगळे धडपडतात, कारण तिथं बसल्यानं आपलाही भाव वाढतो. म्हणून "मग ती तिच्याच मागे का जाते?" असं लेकीला विचारू नको. तिला ती मुलगी आवडते असं नाही, तिला ती जागा हवी आहे. तेराव्या वर्षी या दोन गोष्टी आपल्या आपल्याला वेगळ्या करता येत नाहीत.

आता जळण्याबद्दल. तुला वाटतं की ती मधली मुलगी तुझ्या लेकीवर जळते. मला तसं वाटत नाही. तू सांगितलेला क्रम पुन्हा लाव. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तुझ्या लेकीकडे आलं. मधलीनं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी तिला आपल्या बाकावर बोलावलं. त्यानंतर चार दिवसांत तुझ्या लेकीला वगळून फोनवर सहाजणींचा वेगळा ग्रुप निघाला. त्या दिवशी बाकावरून उठावं कोणाला लागलं? उजव्या हाताला. तुझ्या लेकीचे मार्क तिला खुपले नाहीत, सूत्रसंचालनही खुपलं नसेल. खुपलं ते मधलीनं जागा दिली हे. मधलीचं काहीच जाणार नव्हतं, दुसरीचं सगळंच जाणार होतं. अशा ग्रुपात सगळ्यात जास्त जळते ती दोन नंबरची, आणि आया मात्र एक नंबरच्या घरी भांडायला जातात.

हे जळणं मैत्रीतलं आहे, वस्तूवरून जळतो तसं नाही. "माझी मैत्रीण तिसरीनं नेली" ही भीती त्यात असते. जेफ्री पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावर काम केलं. मुलांपेक्षा मुलींमध्ये ती जास्त आढळली, आणि ज्यांना स्वतःची किंमत कमी वाटते त्यांच्यात अधिक. त्या दुसऱ्या मुलीबद्दल तुझ्या मनात राग आहे, तो असू दे. पण तिला जळकुकडी म्हणून लेकीसमोर शिव्या घालू नको. उद्या दोघींची बट्टी झाली की लेक तुझंच वाक्य तिला जाऊन सांगेल, आणि ते सगळ्या वर्गात फिरेल.

खोटी मैत्री ओळखायची कशी, हे तू दोनदा विचारलंस. भांडण झालं म्हणजे मैत्री खोटी, असं नाही. खऱ्या मैत्रिणी कडाकडा भांडतात, कट्टी घेतात, दोन दिवसांत बोलतात. मी बघते त्या खुणा वेगळ्या. अटीवर प्रेम असतं: "तिच्याशी बोललीस तर आमच्यात येऊ नको." निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी १९९५ साली तिसरी ते सहावीच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा मारहाण न करता नात्याचाच हत्यारासारखा वापर करण्याला त्यांनी वेगळं नाव दिलं, आणि ही अट त्यात अगदी पुढे होती. दुसरी खूण गुपिताची. "कोणाला सांगू नको हं" म्हणून एकीचं गुपित काढायचं, ते दुसरीला देऊन तिचं गुपित घ्यायचं. गुपित तिथं नाण्यासारखं चालतं. तिसरी खूण मला सगळ्यात पक्की वाटते. एकटी असताना गोड आणि चौघीत असताना परकी. व्हॅनची वाट बघताना दोघीच असल्या तर हसून बोलते, बाकीच्या आल्या की नजर फिरवते. लेकीला इतकंच विचार, "ती एकटी असताना तुझ्याशी कशी असते? आणि सगळ्या असताना?" दोन उत्तरांत किती अंतर पडतं ते बघ.

आज इतवारीत मारबतींची मिरवणूक निघाली. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत वस्तीतली पीडा पुतळ्याबरोबर बाहेर काढायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पुतळ्याशी ती शोभते. हे ग्रुप तीच रीत जित्या पोरीवर चालवतात. आपसात कुरबुरी वाढल्या की एकीला बाहेर काढलं जातं, आणि मग आठ-पंधरा दिवस उरलेल्या सहाजणी साखरेसारख्या गोड असतात. बाहेर कोण निघाली याला फारसं महत्त्व नसतं. म्हणून "माझं काय चुकलं?" या लेकीच्या प्रश्नाला उत्तर शोधत बसू नका. ती उत्तर शोधेल आणि नसलेल्या चुकीसाठी माफी मागायला जाईल. मग तिची किंमत आणखी उतरेल.

पण एक गोष्ट तुला आवडणार नाही, तरी लिहिते. जुलैत बाहेर कोण होती? तूच मला सांगितलं होतंस, "एक मुलगी होती आधी, आता नाही येत." तिच्या वेळी तुझी लेक तिला काढणाऱ्या ग्रुपात होती, आणि ती काही बोलली नाही. तिला धारेवर धरू नको. पण हा दुखावलेपणा ताजा आहे तोवरच तिला त्या मुलीचं कळेल. महिन्याभरानं नाही कळणार. हळूच विचार, "तिला कसं वाटलं असेल गं?" लेकीला माफी मागावीशी वाटली तर दोन वाक्यं बस: "तुला ग्रुपातून काढलं तेव्हा मी गप्प बसली. ते चुकलं माझं." त्यापुढे "आता माझ्याशी मैत्री करशील?" नको. ते जोडलं की माफी उरत नाही, सौदा होतो.

सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणते, त्याला नाटक म्हणू नको. नाओमी आयझेनबर्गर यांनी २००३ साली कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. माणसाला मेंदूच्या स्कॅन यंत्रात ठेवून संगणकावर चेंडू झेलायचा साधा खेळ दिला, आणि थोड्या वेळानं बाकीच्या दोन खेळाडूंनी त्याच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. तेव्हा मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शरीर दुखतं तेव्हाही जागा होणारा होता. अनोळखी लोकांनी चेंडू टाकला नाही तर एवढं. इथं तर ओळखीच्या सहाजणी आहेत. पोट खरंच दुखतं. तरी तेवढ्यासाठी शाळा बुडवू देऊ नको. एक दिवस घरी राहिली की दुसऱ्या दिवशी जाणं दुप्पट अवघड होतं, आणि तिच्या गैरहजेरीत तिची जागा आणखी भरून जाते. उठवायचं, हलकं काही खायला द्यायचं, गेटपर्यंत सोडायचं, गेटवर रेंगाळायचं नाही.

बोलायचं कधी? शाळा सुटल्याबरोबर नाही. तेव्हा ती "काही नाही" एवढंच म्हणेल. समोरासमोर बसूनही नको. शेजारी शेजारी आणि हातात काम असू दे. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटीवर अंबाझरीकडे चक्कर मारताना. पंधरा मिनिटं पुरे. "आज कोणाशी भांडलीस?" असं विचारू नको. जागेचे प्रश्न विचार: मधल्या सुट्टीत कुठं बसलीस, डबा कोणासोबत खाल्लास, व्हॅनमध्ये खिडकीशी कोण होतं. पोरी भावना सांगत नाहीत, जागा सांगतात, आणि जागेतच सगळं येतं. एका कागदावर तिलाच वर्ग काढायला लाव. बाक काढायचे, नावं लिहायची, जिच्याशी बोलणं सोपं वाटतं तिच्याभोवती गोल. तिच्याशी न बोलणाऱ्या सहा आहेत, पण वर्ग चाळीस-पन्नासचा आहे. कागदावर गोल दिसले की तिलाही ते दिसतं. मला तर या कागदाचा जितका उपयोग दिसतो तितका दुसऱ्या कशाचा नाही.

आणि एक वही ठेव, तुझ्यासाठी. तारीख, तास किंवा सुट्टी, जागा, बोललेलं वाक्य जसंच्या तसं, ऐकणाऱ्या कोण. "छळतात", "त्रास देतात" असे शब्द त्यात नकोत. "मुलींच्या नळाजवळ, मधली सुट्टी, 'ही आली, चला गं', दोघींनी ऐकलं", असं हवं. दोन आठवडे लिही. तेवढ्यात कळेल की हे रोज आहे की फक्त खेळाच्या तासाला, एकजण करते की सगळ्या.

फोनबद्दल. दुसऱ्या ग्रुपातले मेसेज कोणीतरी लेकीला दाखवले म्हणालीस. दाखवणारीही तपासून घे. कधी ती कळवळ्यानं दाखवते, कधी आग लावायला. जे तुमच्या फोनवर आलं आहे त्याचे तारीख आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट काढ, काही खोडू नको, एक्स्पोर्ट चॅट करून स्वतःच्या मेलवर ठेव. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन ग्रुप्सचं "माय कॉन्टॅक्ट्स" कर, म्हणजे अनोळखी नंबरवरून कोणी तिला नव्या ग्रुपात ओढणार नाही. ग्रुपातून बाहेर पडायचं असेल तर आता ते फक्त अ‍ॅडमिनला कळवलं जातं, सगळ्यांना नाही. पण घाई नको. आधी म्यूट. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करण्यापेक्षा रिस्ट्रिक्ट बरं. ब्लॉक कळतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. रिस्ट्रिक्ट केलेल्या मुलीची कमेंट तिची तिलाच दिसते आणि तिचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात. रात्री नऊनंतर फोन तुझ्या खोलीत, आणि हे सगळ्या घराला लागू, तिच्या एकटीला नाही. चोरून तिचे मेसेज वाचू नको. एकदा पकडली गेलीस की ती सांगायचं बंद करेल, आणि पुढे सगळं तुला अंधारात करावं लागेल.

मधलीच्या आईला फोन करायचं तुझ्या मनात आहे. करू नको. कोणतीही आई पहिल्या मिनिटाला आपल्याच पोरीची बाजू घेते, संध्याकाळी घरी विचारणा होते, आणि सकाळी वर्गात "ही आईला सांगते" असं होऊन उरलेल्या चाळीसजणीही सावध होतात. आयांच्या ग्रुपवर आडून टाकलेलं वाक्य तर त्याहून वाईट, सगळ्यांना कळतं ते कोणासाठी आहे. सहाजणींना घरी बोलावून सांबारवडी खाऊ घालायचा बेतही सोड. खातील, हसतील, आणि सोमवारी पुन्हा तेच. खाऊनं जागा विकत मिळत नाही. आणि तुकडी बदलून घ्यायची इतक्यात नाही. मधल्या सुट्टीचं मैदान तेच, व्हॅन तीच, आणि तिच्या पदरी पळून गेल्याचा शिक्का.

शाळेत जायचं ते आधी वर्गशिक्षिकेकडे, लेखी, अर्धा पान. वहीतल्या चार-पाच नोंदी, आणि त्याखाली मागण्या. सगळ्या वर्गाच्या बसायच्या जागा दर सोमवारी फिरवाव्यात. प्रोजेक्टचे आणि गॅदरिंगच्या नाचाचे गट हजेरीच्या क्रमांकानं पाडावेत, "तुमचे तुम्ही करा" म्हणू नये. या एका वाक्यानं दरवर्षी किती पोरी भर वर्गात उभ्या राहतात, ते शिक्षकांच्या लक्षातच येत नाही. मधल्या सुट्टीत नळाजवळ आणि व्हॅनच्या रांगेशी दोन आठवडे कोणीतरी मोठं माणूस असावं. आणि एक विनंती स्पष्ट लिही: दोघींना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हणा, हात मिळवा" करू नये. भांडण बरोबरीतलं असेल तर ते चालतं. सहा विरुद्ध एक असताना बाईंसमोर हात मिळतो आणि जिन्यात त्याची भरपाई होते. पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायची तारीख तिथंच ठरवून घे. बाईंकडून काही झालं नाही तर मुख्याध्यापकांकडे, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीकडे. शाळेत समुपदेशक असेल तर त्यांना पहिल्याच दिवशी एक प्रत दे.

लेकीला शिकवायचं ते थोडकं. टोमण्याला टोमणा नको, रडून पळणंही नको, कारण दोन्हींवर त्या पोरी आठवडा काढतात. साधी वाक्यं, घरी आरशासमोर दहादा म्हणून घट्ट केलेली: "बरं. मी चालली डबा खायला." किंवा तिसरीबद्दल कोणी काढून घेऊ लागलं तर "मले नाही माहीत, तिलेच विचार ना." आवाज सपाट, पाय चालते. आणि कुठं जायचं ते आधी ठरलेलं असावं, कागदावरच्या गोलांपैकी एकीच्या बाकाकडे. ठिकाण न ठरवता निघालेली पोर वर्गाच्या मधोमध उभी राहते.

तिच्या बाजूनं एक जरी बोलली तरी फरक पडतो. कॅनडात शाळेच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास आहे, हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांचा, २००१ सालचा. कोणी सवंगडी मध्ये पडला, तेव्हा ५७ टक्के वेळा दहा सेकंदांच्या आत त्रास थांबला होता. दहा सेकंद, सुमे. पण मध्ये पडणारी मुलगी ग्रुपच्या आतून मिळणार नाही, बाहेर शोधावी लागते.

म्हणून माझा सगळा भर दुसऱ्या मैत्रिणीवर आहे. ग्रुपात परत जाण्यावर नाही. गोल केलेल्या नावांतली एक निवडू दे. तिलाच बोलव, दोघींना नाही, तिसरी आली की पुन्हा तीच गणितं सुरू. शनिवार, दीड तास, आणि करायला काहीतरी: गणपतीची आरास, विज्ञानाचं मॉडेल, सायकल. नुसत्या गप्पा ठेवल्या तर पहिल्या वीस मिनिटांत "त्या सहाजणी" हाच विषय निघेल आणि मैत्री त्याच रडगाण्यावर उभी राहील. अशी मैत्री तिला आणखी खचवते. तर्री पोहे कर, खोलीबाहेर राहा, दीड तासानं हसतखेळत संपव. सहा आठवडे, न चुकता. शाळेबाहेरचंही एक ठिकाण असू दे, जिथं या सातजणींतलं कोणी नाही: कॉलनीतली कबड्डी, तबल्याचा क्लास, मावसबहीण, काहीही.

साधारण महिन्याभरात तिला परत बोलावणं येईल. ग्रुपात नवीन कुरबूर झालेली असेल आणि बाहेरची जागा दुसरीला हवी असेल. तेव्हा तू "नाही" म्हणू नको, तिलाच ठरवू दे. फक्त एवढं आधी बोलून ठेव की गेली तरी शनिवारची मैत्रीण सुटणार नाही, आणि नव्यानं बाहेर काढलेलीशी ती बोलणं थांबवणार नाही. या दोन गोष्टी पाळून ती तिथं राहू शकली तर राहू दे.

एक भाग मात्र वाट बघण्यातला नाही. जेवण सुटलं, रात्रभर जागी, हातावर ओरखडे, लांब बाह्या काढेना, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही निघालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि तोवर तिला एकटं ठेवू नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर दिवसरात्र आणि फुकट आहेत, फ्रिजवर लिहून ठेव. कोणी तिचा फोटो बिघडवून फिरवला तर तो शाळेचा प्रश्न राहत नाही, पोलीस ठाणं किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. आणि असा फोटो पुरावा म्हणूनही कोणाला फॉरवर्ड करायचा नाही, मलाही नाही. लहान मुलीचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे.

आज रात्री फक्त वही सुरू कर आणि फोनचं सेटिंग बदल. वर्गाचा कागद रविवारी काढा. बाईंना द्यायचा अर्धा पान लिहून झाला की वहिनींच्या हातीच माझ्याकडे पाठव, मी शब्द बघून देते, मग दे. हे पत्र घडी घालून तांदळाच्या डब्याखाली ठेव, तिच्या दप्तराच्या आसपास नको.

तुझीच